बिंदू, चढ आणि नियती

सरळ रेषा निश्चित करायला दोन गोष्टी पुरतात: तिच्यावरचा एक बिंदू आणि तिचा चढ. रेषा कुठून जाते हे बिंदू सांगतो, कशी जाते हे चढ सांगतो. एवढे कळले की दोन्ही बाजूंनी अमर्याद पसरलेल्या त्या रेषेबद्दल विचारण्यासारखे काही उरत नाही. भूमितीपुरती ही मोठी सोय आहे. पण माणसाचा जन्म कुठे झाला आणि त्याच्या स्वभावाचा कल कोणता, हे कळले म्हणजे त्याचे पुढचे सगळे ठरले, असे कोणी म्हटले की सोय संपते आणि दैव व पुरुषार्थ यांचा जुना वाद सुरू होतो. या वादात रेषेचा दाखला कुठवर चालतो आणि कुठे अडतो, हे पाहिल्यास वादाचा बराच गुंता सुटतो.

रेषा काढण्याची रीत

राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘गणित भाग २’ या पुस्तकात निर्देशक भूमितीचे प्रकरण आहे आणि रेषेचा चढ त्यातच शिकवला जातो. रेषेवरचे कोणतेही दोन बिंदू घ्यायचे, त्यांच्या य-निर्देशकांतील फरकाला क्ष-निर्देशकांतील फरकाने भागायचे. येईल तो चढ. दोन बिंदू कोणतेही घेतले तरी भागाकार तोच येतो. रेषा सरळ असणे म्हणजे नेमके हेच.

एक उदाहरण घेऊ. बिंदू (२, ३) आणि चढ १/२ दिला आहे. आलेख कागदावर आरंभबिंदूपासून उजवीकडे २ घरे आणि वर ३ घरे मोजून पहिली खूण करायची. चढाचा छेद २ आहे, म्हणून तिथून उजवीकडे २ घरे जायचे. अंश १ आहे, म्हणून १ घर वर चढायचे. दुसरी खूण (४, ४) वर पडते. हीच कृती पुन्हा केली की (६, ५). पहिल्या खुणेपासून उलट, डावीकडे २ आणि खाली १ घर गेले की (०, २). चारही खुणांना पट्टी लावली की त्या एका रेषेत बसतात. चढ −१/२ असता तर उजवीकडे २ घरे जाऊन १ घर खाली उतरावे लागले असते. हीच रेषा समीकरणात मांडली तर य − ३ = १/२ (क्ष − २) अशी दिसते. त्यात ३ आणि २ हे बिंदूचे निर्देशक, १/२ हा चढ. तिसरे काही नाही.

यवतमाळ जिल्ह्यातला राळेगाव तालुका कापसाचा. सरकी टोबण्याआधी जे शेतकरी शेतात उभे आणि आडवे काकर पाडतात आणि ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे बी टाकतात, त्यांचे काळे रान आलेख कागदासारखेच आखले जाते. पुढे डवरा दोन्ही दिशांनी चालवता यावा म्हणून ही आखणी. पहिला काकर धुऱ्यावरच्या कोणत्या जागेवरून सुटला हा बिंदू. औत कोणत्या दिशेने धरले हा चढ. बाकीचे काकर पहिल्याच्या अंगाने जातात, त्यामुळे सगळ्या शेताची आखणी त्या एका काकरावर ठरते.

इथे एक बारकावा आहे आणि पुढच्या विवेचनात तो कामाचा आहे. पहिला काकर ठरल्या जागेपेक्षा हातभर बाजूला सुटला पण दिशा बरोबर असली, तर दुसऱ्या धुऱ्यावरही तो हातभरच बाजूला असतो. चूक वाढत नाही. दिशा मात्र किंचित चुकली, समजा शंभरात एकाने, तर दहा मीटरवर चूक दहा सेंटिमीटर, शंभर मीटरवर एक मीटर. बिंदूची चूक जिथल्या तिथे राहते, चढाची चूक अंतराबरोबर वाढत जाते. सुरुवातीला ती डोळ्यांना दिसत नाही, आणि दिसू लागते तेव्हा अर्धे शेत आखून झालेले असते.

एकच रेषा का?

नुसता बिंदू दिला तर त्यातून कितीही रेषा जाऊ शकतात. नुसता चढ दिला तर तशाच चढाच्या कितीही समांतर रेषा काढता येतात. दोन्ही दिले की रेषा एकच. कारण सोपे आहे: बिंदू आणि चढ यांवरून दुसरा बिंदू मिळतो आणि दोन भिन्न बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते. अशी रेषा आहे आणि ती एकच आहे, या दोन गोष्टी एकदम सिद्ध होतात.

आता आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर माणसाची अवस्था मांडली आहे असे धरू. अवस्था म्हणजे संपत्ती, विद्या, चित्ताची शुद्धी, काहीही. जे धर्मविचाराला मोजायचे आहे ते. बिंदू म्हणजे जन्म: कुळ, गाव, शरीर, वेळ. चढ म्हणजे वृत्ती, कल, परंपरेच्या भाषेत संस्कार किंवा वासना. मग प्रश्न असा उभा राहतो की या दोघांनी माणसाचा मार्ग एकच एक ठरतो का? ठरत असेल तर उपदेश, पश्चात्ताप, साधना, शिक्षा या सगळ्यांना अर्थ कोणता?

नियतिवाद: ठरलेली रेषा

या प्रश्नाला ‘होय, ठरतो’ असे उत्तर भारतात सर्वांत निर्भीडपणे दिले ते मक्खली गोसालाने. बुद्धाचा समकालीन असलेला गोसाल हा आजीवक पंथाचा प्रमुख. या पंथाचे ग्रंथ उरले नाहीत. त्याचे मत कळते ते विरोधकांच्या, म्हणजे बौद्ध आणि जैन, ग्रंथांतून. मगधाचा राजा अजातशत्रू बुद्धाला भेटायला गेला आणि निरनिराळ्या आचार्यांनी आपल्याला काय सांगितले ते त्याने ऐकवले, असा प्रसंग दीघनिकायातल्या सामञ्ञफलसुत्तात आहे. त्यात गोसालाचे म्हणणे येते ते असे: जीवांच्या मलिनतेला हेतू नाही, शुद्धीलाही नाही, बळ, वीर्य, पराक्रम यांनी काही बदलत नाही, सुखदुःखे मापाने मोजून ठेवलेली आहेत. सुताचा गुंडा फेकला की सूत असेल तिथवर तो उलगडत जातो, तसे मूर्ख आणि शहाणे दोघेही आपापला ठरलेला फेरा पूर्ण करूनच सुटतात.

गुंड्याचा हा दृष्टान्त भूमितीच्या भाषेत बिंदू आणि चढ दिलेल्या रेषेचाच आहे. सूत किती आणि कोणीकडे उलगडणार हे फेकण्याच्या क्षणी ठरले. पुढे फक्त उलगडणे उरले. आजीवकांची परंपरा बरीच शतके टिकली. बिहारमधल्या बराबर टेकड्यांतील गुहा सम्राट अशोकाने त्यांना दिल्याचे लेख तिथे आहेत. म्हणजे ज्या मताला आळशांचे तत्त्वज्ञान म्हणून हिणवले गेले, ते मानणारे लोक कडक तपस्वी होते. तपाने काही बदलत नसेल तर तप कशाला, या आक्षेपावर त्यांच्या मताशी जुळणारे उत्तर एकच संभवते: तप करणे हेही त्या जीवाच्या रेषेवरच होते.

युरोपात हाच विचार दोन हजार वर्षांहून अधिक काळानंतर निराळ्या वाटेने आला. रेने देकार्तने १६३७ मध्ये बीजगणित आणि भूमिती यांची सांगड घातली, न्यूटनने १६८७ मध्ये गतीचे नियम मांडले, आणि १८१४ मध्ये लाप्लासने लिहिले की एका क्षणी विश्वातल्या सर्व वस्तूंची स्थाने आणि त्यांच्यावरची बले जाणणारी एखादी बुद्धी असेल, तर तिला भूत आणि भविष्य सारखेच उघडे दिसेल. अशा बुद्धीला वस्तूचे स्थान आणि, लाप्लासने वेगळा नमूद केला नसला तरी, त्या क्षणाचा वेगही लागतो. स्थान हा बिंदू आणि वेग हा स्थान-काळाच्या आलेखावरचा चढ. पण त्याने तिसरीही गोष्ट मागितली, बले. आणि गोसालाच्या चित्रात नेमकी तीच नाही.

गृहीत धरलेली गोष्ट

बिंदू आणि चढ यांवरून रेषा ठरते, या विधानात एक अट दडलेली आहे: चढ सर्वत्र तोच राहतो. ही अट सिद्ध केलेली नाही. ‘सरळ’ या शब्दातच ती अध्याहृत आहे. वक्र रेषेला प्रत्येक ठिकाणी निराळा चढ असतो. तिच्या एका बिंदूचा चढ घेऊन पट्टी लावली तर मिळते ती स्पर्शरेषा. त्या बिंदूच्या आसपास ती वक्राला चिकटून असते आणि दूर गेल्यावर सुटते.

न्यूटनच्या पहिल्या नियमाचे म्हणणेही हेच: वस्तू एकसारख्या वेगाने सरळ जात राहते ती बाहेरचे बल लागले नाही तरच. सरळ रेषा हे काहीही न घडण्याचे चित्र आहे. काही घडले की चढ बदलतो. म्हणून नियतिवाद्याने ‘बिंदू आणि कल ठरले, म्हणजे मार्ग ठरला’ असे म्हटले तर त्याला आणखी एक गोष्ट सिद्ध करावी लागते: वाटेत त्या जीवावर कशाचाही परिणाम होत नाही, त्याच्या स्वतःच्या करण्याचासुद्धा नाही. हे सिद्ध होत नाही. ते धरून चालले जाते.

हा भेद मराठी मुलखातल्या गणिताला परका नव्हता. भास्कराचार्याने ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी लिहिला. त्याच्या नातवाने, चांगदेवाने, भास्कराचार्याच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा १२०७चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणे इथे आहे. सिद्धान्तशिरोमणीत ग्रहाची रोजची गती आणि तात्कालिक गती यांत फरक केलेला आहे. आजचे स्थान आणि उद्याचे स्थान यांतला फरक म्हणजे रोजची गती, ती स्थूल. त्या क्षणापुरती गती ती तात्कालिक, म्हणजे सूक्ष्म. चंद्र वेगाने चालतो आणि त्याची गती सतत बदलते, म्हणून तिथी नेमकी केव्हा संपते हे काढायला स्थूल गती पुरत नाही. ग्रहाची गती मंदावते, शून्य होते, ग्रह वक्री होतो आणि पुन्हा मार्गी लागतो. ज्यांच्यावरून माणसाचे अढळ भविष्य वर्तवले जाते ते ग्रहही एका चढावर चालत नाहीत. जन्मपत्रिका मुख्यतः त्यांचे एका क्षणाचे स्थान, म्हणजे बिंदू, नोंदवते.

वक्र मार्ग काढण्याची एक रीत ऑयलरने १७६८ मध्ये दिली. ती बिंदू आणि चढ यांचीच आहे. असलेल्या बिंदूपाशी चढ काढायचा, त्या चढाने एक छोटे पाऊल टाकायचे, नव्या बिंदूपाशी पोहोचून चढ नव्याने काढायचा, पुन्हा पाऊल टाकायचे. पाऊल जितके लहान, तितका खऱ्या मार्गाशी मेळ जास्त. इथे बिंदू आणि चढ यांची सत्ता नाकारलेली नाही. ती एका पावलापुरती केलेली आहे.

कर्मविचारातला बिंदू आणि चढ

वेदान्तात कर्माचे तीन भाग केले जातात: संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. संचित हा आजवरचा साठा, प्रारब्ध हा त्यातला फळायला लागलेला भाग, क्रियमाण म्हणजे आत्ता होत असलेले कर्म. लोकांच्या बोलण्यात ‘प्रारब्धात होते ते झाले’ एवढेच उरले आणि तिन्हींचे मिळून एकच नशीब झाले. शास्त्रातली मांडणी तशी नाही. तिच्यात प्रारब्ध हा आजच्या बिंदूचा हिशेब आहे: माणूस आज इथे का आहे. संस्कार हा चढाचा हिशेब आहे: सोडून दिले तर तो कोणीकडे झुकेल. क्रियमाण हे प्रत्येक बिंदूपाशी चढ नव्याने मांडण्याचे स्थान आहे. मागे काढलेली रेषा पुसता येत नाही; पुढचे पाऊल मात्र अजून काढलेले नाही.

योगवासिष्ठाच्या मुमुक्षुव्यवहार प्रकरणात हा विचार टोकाला नेलेला आहे. तिथे वसिष्ठ रामाला सांगतात की दैव नावाची स्वतंत्र वस्तूच नाही. ज्याला लोक दैव म्हणतात ते आपल्याच पूर्वीच्या पुरुषार्थाचे दुसरे नाव आहे. पूर्वीचा आणि आत्ताचा, असे दोन पुरुषार्थ टक्कर घेणाऱ्या दोन एडक्यांसारखे झुंजतात आणि ज्याचे बळ जास्त तो जिंकतो. म्हणजे आजचा चढ हीसुद्धा कालच्या पावलांची बेरीज. ती जड असते, एका झटक्यात फिरत नाही, पण ती त्याच जातीच्या गोष्टीने बनलेली असल्यामुळे त्याच जातीच्या गोष्टीने बदलते.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवे दैव. जैन परंपरेतही काळ, स्वभाव, नियती, पूर्वकर्म आणि पुरुषार्थ अशी पाच कारणे मानली जातात, आणि त्यांतले एकच खरे धरून बाकीचे नाकारणे ही एकांतिक दृष्टी ठरते. दोन्ही याद्यांत दैवाला किंवा नियतीला जागा आहे, मक्तेदारी नाही. दोन गोष्टींवरून रेषा ठरते, आयुष्य ठरत नाही, याचे हे जुने रूप म्हणता येईल.

बुद्धाचा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो. अंगुत्तरनिकायात तो तीन मते नाकारतो: सगळे पूर्वकर्माने घडते, सगळे ईश्वराच्या निर्मितीने घडते, आणि सगळे विनाकारण घडते. तिघांवर त्याचा आक्षेप एकच: यांपैकी कोणतेही मानले तर ‘हे करावे, हे करू नये’ या बोलण्याला आधार राहत नाही. बुद्ध कार्यकारणभाव मानतो, नियतिवाद मानत नाही. त्याच्या मते कर्म म्हणजे चेतना, हेतू. आणि हेतू हा क्षणाचा असतो. ही तात्कालिक गतीच्या बाजूची भूमिका आहे.

समांतर रेषा आणि न्याय

चढ महत्त्वाचा मानला की एक सोपा उपदेश हाती येतो: जन्म कुठेही होवो, प्रयत्न सारखे ठेवा. भूमिती या उपदेशाची मर्यादा लगेच दाखवते. एक रेषा (०, २) मधून आणि दुसरी (०, १२) मधून निघाली आणि दोघींचा चढ १/२ असला, तर आज त्यांच्यात १० चे अंतर आहे, क्ष १०० झाला तरी १०च राहील. सारख्या चढाच्या दोन रेषा कधी मिळत नाहीत. सारखे कष्ट करणाऱ्या दोघांतले जन्माने पडलेले अंतर कष्टांनी मिटत नाही. ते मिटायचे तर खालच्या रेषेचा चढ जास्त हवा, म्हणजे ज्याला कमी मिळाले त्याने जास्त झिजायचे. किंवा तिच्या बिंदूलाच बाहेरून कोणी हात लावायला हवा.

पूर्वकर्माच्या सिद्धान्ताने इथे अवघड काम केले आहे. खालचा बिंदू हे खालच्या माणसाच्याच मागच्या जन्मीच्या कर्माचे फळ असे सांगितले की अंतराची जबाबदारी कोणावरच येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी नेमके हेच मर्म पकडले. गतजन्मीच्या कर्माने आजचे दारिद्र्य ठरते ही शिकवण राज्याला आणि समाजाला गरिबांच्या स्थितीच्या जबाबदारीतून मोकळे करते, अशी त्यांची टीका आहे. कर्माचा नियम त्यांनी नैतिक व्यवस्थेचा नियम म्हणून ठेवला. मागच्या जन्माचे खाते म्हणून तो नाकारला.

राळेगाव तालुक्यातल्या रावेरी गावाची कथा याच प्रश्नाला दुसऱ्या टोकाने भिडते. तिथे सीतेचे मंदिर आहे, आणि त्यात राम नाही, एकटी सीता आहे. गावची कथा अशी की रामाने टाकलेली गर्भवती सीता इथे आली, लव आणि कुश इथे जन्मले. बाळंतिणीने गावात पसाभर गहू मागितला आणि गावाने तो दिला नाही. तिने शाप दिला की या गावात गहू पिकणार नाही. पुढे पुष्कळ काळ रावेरीत गहू होत नसे आणि संकरित वाण आल्यावर तो होऊ लागला, असे सांगतात.

कथेची मांडणी पाहण्यासारखी आहे. सीतेचा बिंदू तिच्या कोणत्याही दोषाने खाली गेलेला नाही. दुसऱ्यांच्या निर्णयाने गेला. गावाला पूर्वकर्माचा आधार घेता आला असता: तिच्या नशिबी होते, गावाने काय करावे? कथा ती पळवाट देत नाही. दारात आलेल्या बाईला पसाभर धान्य देणे हे गावाचे क्रियमाण होते आणि ते न केल्याचा दोष गावाच्या खाती लागला. एकेका जीवाची रेषा सुटी काढणाऱ्या चित्रात शेजारी नसतो. या कथेत शेजारी हाच विषय आहे: एकाचे क्रियमाण हे दुसऱ्याचे प्रारब्ध होते. आणि शापही शेवटी रेषेसारखा अनंत ठरत नाही. नवे बियाणे आले आणि तो वळला.

शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी पुढाकार घेतला. त्याआधी, १९८९-९०च्या सुमारास, संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ हा कार्यक्रम चालवला होता. त्यात शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग स्वखुशीने पत्नीच्या नावे करून द्यायचा होता. धर्माच्या भाषेत याला प्रायश्चित्त म्हणता येईल, गणिताच्या भाषेत बिंदूची दुरुस्ती. बाईने आणखी राबावे असे त्यात सांगितलेले नाही. ती उभी आहे ती जागा बदलायची आहे.

शून्य चढ आणि चढ नसलेली रेषा

रेषांचे दोन विशेष प्रकार धर्मविचारात वारंवार भेटतात. क्ष-अक्षाला समांतर रेषेचा चढ शून्य असतो. चढ शून्य असणे म्हणजे चढ नसणे नव्हे. शून्य ही निश्चित संख्या आहे आणि रेषेला निश्चित दिशा आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला स्थितप्रज्ञ या प्रकारात येतो: काळ पुढे जातो, सुखदुःखे येतात, चित्ताची पातळी हलत नाही. गणिताची मनापासून आवड असलेल्या विनोबा भाव्यांनी १९४४ मध्ये सिवनीच्या तुरुंगात या श्लोकांवर प्रवचने केली. ‘स्थितप्रज्ञ-दर्शन’ हे त्यांचे पुस्तक. बाहेरून पाहणाऱ्याला जडत्व आणि समत्व सारखेच सपाट दिसतात. जडाचा चढ शून्य असतो कारण त्याच्यावर बलच लागलेले नाही. स्थितप्रज्ञावर बले लागतात आणि तरी त्याचा चढ शून्य राहतो. आलेख एकच, कारणे दोन. म्हणून नुसत्या आलेखावरून साधू ओळखता येत नाही.

य-अक्षाला समांतर रेषेची गोष्ट वेगळी. तिच्यावर क्ष बदलतच नाही, भागाकारात छेद शून्य होतो आणि चढ ठरवता येत नाही. ‘अनंत चढ’ असे सैलपणे म्हटले जाते, पण गणितात तिचा चढ ही संख्याच नाही. वेदान्तात मुक्तीचे दोन प्रकार सांगतात. उपासनेच्या मार्गाने एकेक लोक ओलांडत मिळते ती क्रममुक्ती. ज्ञान झाले त्याच क्षणी होते ती सद्योमुक्ती. पहिलीला चढ आहे: इतक्या काळात इतके. दुसरीत काळाचे अंतर शून्य आहे, म्हणून ‘किती वेगाने’ हा प्रश्नच तिथे लागू पडत नाही. मोठ्यात मोठ्या चढाचीही रेषा उभी रेषा होत नाही, तसे नुसता साधनेचा वेग वाढवत नेऊन सद्योमुक्ती गाठता येत नाही, असे अद्वैती म्हणतील. ज्ञान हे कर्माचे फळ नव्हे, हा शंकराचार्यांचा सिद्धान्त याच अंगाचा. भक्तिसंप्रदाय त्या जागी कृपा ठेवतात. शब्द निराळे असले तरी साधनेच्या मापात न बसणारे काही आहे, एवढे दोघांनाही मान्य आहे.

काढलेली रेषा आणि खरी रेषा

कागदावर काढलेल्या रेषेला जाडी असते. भूमितीतल्या रेषेला नसते. राळेगावच्या शिवेपलीकडे, वर्धा नदीच्या त्या बाजूला, सेवाग्रामचा आश्रम आहे. गांधीजी तिथे १९३६ पासून राहिले. २८ जुलै १९४६च्या ‘हरिजन’मध्ये आपल्या ग्रामस्वराज्याच्या चित्रावर स्वप्नाळूपणाचा आक्षेप येईल हे ओळखून त्यांनी युक्लिडच्या बिंदूचा दाखला दिला: तो कोणालाच काढता येत नाही, तरी त्याचे मोल कमी होत नाही. आदर्श गाठता येत नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. प्रत्यक्षातली चूक त्याच्याच आधाराने मोजली जाते.

चढाच्या बाबतीत याला व्यावहारिक वजन आहे. चढाची चूक अंतराबरोबर वाढते, हे काकराच्या उदाहरणात आले. म्हणून सर्व परंपरांनी एका मोठ्या निश्चयापेक्षा रोजच्या लहान आचाराला महत्त्व दिले: नित्यनेम, नामस्मरण, जैनांचे प्रतिक्रमण, बौद्धांची स्मृती. एकदाच दिशा धरून आयुष्यभर डोळे मिटून चालणाऱ्याची चूक आयुष्याएवढी होऊ शकते. रोज दिशा तपासणाऱ्याची चूक एका दिवसाच्या पावलात सापडते आणि तिथेच सुधारता येते. ऑयलरच्या रीतीत पाऊल लहान ठेवायचे तेही याच कारणाने.

एकूण निष्कर्ष असा. बिंदू आणि चढ यांवरून रेषा ठरते हे निर्विवाद आहे, आणि नियतिवादाची ताकद या निर्विवादपणातून उसनी घेतलेली आहे. पण ते विधान सरळ रेषेपुरते खरे आहे आणि आयुष्य सरळ रेषा आहे हे त्यातून निघत नाही. बिंदू माणसाने निवडलेला नसतो. तो इतरांच्या कर्मानेही पडतो, म्हणून त्याची जबाबदारी इतरांवरही येते. चढ हा मागच्या पावलांनी घडलेला असतो आणि पुढच्या पावलाने बदलू शकतो, म्हणून त्याची जबाबदारी ज्याची त्याच्यावर येते. पहिली गोष्ट विसरली की धर्म निर्दय होतो, दुसरी विसरली की तो निरुपयोगी होतो.